तीन टोप्यांचा रविवार

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता जयमालाबाईंनी तिन्ही टोप्यांना ओलं कुंकू लावलं, आणि घरात जो गोंधळ उठला त्यापुढे कबीरच्या टीमची फायनलसुद्धा शांततेत पार पडली होती म्हणायची.

“आजी! हे काय केलंस?” ओजस्वीचा आवाज खालच्या सायकल-स्टँडपर्यंत गेला असणार.

“काय केलं? नवी वस्तू घरात आली, कुंकू लावलं,” जयमालाबाई शांतपणे अंगठा पुसत म्हणाल्या. “तुझ्या मामाच्या गाडीला लावलं, फ्रिजला लावलं, भात शिजवायच्या त्या गाणाऱ्या भांड्याला लावलं. टोप्यांनी काय घोडं मारलंय?”

हरीशनं पेपरमधून मान वर केली. गाडीचा विषय निघाला की तो नेहमीच सावध व्हायचा. दहा वर्षांपूर्वी आईनं पार्किंगमध्ये चाकाखाली नारळ फोडला होता, आणि करवंटी कुठल्या कचऱ्यात टाकायची हे विचारायला बिल्डिंगच्या मॅनेजरसाहेबांनी वॉर्ड ऑफिसला फोन केला होता. तेव्हापासून ते गृहस्थ हरीशला जरा जास्तच वाकून नमस्कार करत.

टोप्या रात्रीपासून जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या होत्या. निळी ओसाकातल्या विद्यापीठाची. जांभळी क्योतोची. पांढरी अमेरिकेतल्या आयडाहो नावाच्या राज्यातल्या एका कॉलेजची. तिघांनाही कबीर हवा होता. खरं सांगायचं तर कबीरचे एकशे बारा किलो हवे होते. हरीशचा हा पोरगा अमेरिकन फुटबॉल खेळायचा. त्याला इथे जपानमध्ये ‘आमेफुतो’ म्हणतात. त्यातही तो लाइनमन, म्हणजे चेंडूला बोटही न लावता समोरच्याला अडवून धरणारा. पाच वर्षं हरीश प्रत्येक मॅचला मैदानाच्या कडेला उभा राहिला होता आणि पाच वर्षांत स्कोअरबोर्डवर मुलाचं नाव एकदाही बघितलं नव्हतं. तरी त्याचा घसा प्रत्येक वेळी बसायचाच.

अमेरिकेत अशा मुलांची एक रीत आहे. कॉलेज ठरलं की कॅमेऱ्यासमोर बसायचं, पुढ्यात सगळ्या कॉलेजांच्या टोप्या, मागे घरचे लोक. मुलगा चार शब्द बोलतो, एक टोपी उचलतो, डोक्यावर चढवतो, आणि मागचे लोक वेड लागल्यासारखे नाचतात. वर संगीत, मॅचमधले तुकडे, सगळा सिनेमाच. कबीर तेराव्या वर्षापासून हे व्हिडिओ बघत आला होता. जपानमध्ये असलं कोणी करत नाही. इथे मुलगा कोचबरोबर गोडाचा खोका घेऊन जातो, वाकतो, आणि विषय संपतो. पण ओजस्वी क्योतोला फिल्मचं शिकत होती. मामेभावाचा व्हिडिओ तिनं असा काही अंगावर घेतला होता की मुंबईतल्या लग्नांचे व्हिडिओवाले लाजले असते.

कबीरच्या शाळेतल्या कोचनं परवानगी दिली, पण अट घालून. चित्रीकरण खुशाल करा. सोमवारी मी तिन्ही ठिकाणी स्वतः फोन करीन. ते होईपर्यंत व्हिडिओ घराबाहेर जाता कामा नये. उत्तर काय, ते कबीरनं कोचलाही अजून सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोरच सांगणार, म्हणाला. अठरा वर्षांच्या पोराच्या पोटात एवढं गुपित राहतं याचंच घरच्यांना नवल वाटत होतं.

“पांढरीचं काय करायचं?” ओजस्वी टोपी नाचवत म्हणाली. “निळीवर, जांभळीवर दिसत तरी नाही. हिच्यावर अगदी बरोबर मध्यभागी!”

कबीरच्या आईनं, सुलेखानं, टोपी तिच्या हातातून काढून घेतली. “गार पाणी आणि थोडा साबण. आण इकडे.”

पाच मिनिटांनी टोपीवरचा कुंकवाचा ठिपका गेला आणि त्या जागी हाताच्या तळव्याएवढा गुलाबी ढग आला. ओजस्वी सोफ्यावर पालथी पडली.

“असू दे,” कबीर दारातून म्हणाला. दारातून म्हणजे दार भरून. “इट्स क्यूट.”

हरीशनं मुलाकडे बघितलं. पांढऱ्या टोपीला क्यूट म्हणाला. याचा अर्थ काय काढायचा? गेले तीन आठवडे तो असाच अर्थ काढत बसला होता. परवा कबीरनं क्योतोच्या बसचं वेळापत्रक बघितलं तेव्हा हरीशला हायसं वाटलं. काल त्यानं आयडाहोचं तापमान बघितलं, तर याला रात्री जेवण गेलं नाही.

कारण हरीशला मुलगा इथेच हवा होता. निळी टोपी हवी होती. हानक्यू रेल्वेच्या गाडीनं चाळीस मिनिटं, रोज घरी जेवायला. त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं.

दोन हजार अकरा साली भूकंपानंतर सुलेखाला आणि चार वर्षांच्या कबीरला ठाण्याला पाठवून तो एकटा तोक्योतल्या हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये राहिला होता. ऑफिस सोडता येत नव्हतं. दोन आठवड्यांचे सहा महिने झाले. शेवटी विमानतळावर घ्यायला गेला, तर कबीर आईच्या पायांमागे लपला आणि म्हणाला, “हे काका कोण?” दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाबांच्या पोटावर चढून बसला होता, त्याच्या दृष्टीनं प्रकरण तिथेच मिटलं. हरीशच्या दृष्टीनं ते तेरा वर्षांत मिटलं नव्हतं. पुढे ओसाकाला बदली झाली, सगळे एकत्र आले, आणि त्यानं मनाशी ठरवून टाकलं की आता या घरातून कोणी कुठे जायचं नाही. मुलं मोठी होतात हा मुद्दा त्यानं तेव्हा विचारात घेतला नव्हता.

“मामा, रिहर्सल!” ओजस्वी उठून बसली होती. “तू मागे डावीकडे. कबीरनं टोपी उचलली की हसायचं. दाखव कसं हसणार.”

हरीश हसला.

“हे कुठल्या टोपीला म्हणायचं?”

“निळीला.”

“छान. जांभळीला?”

तेही बरं जमलं.

“पांढरीला?”

“अगं, दाताच्या डॉक्टरकडे आ करतात तसं दिसतंय,” सुलेखा हसत म्हणाली. “हरीश, आरशासमोर जाऊन ये जरा.”

तो खरंच गेला. बाथरूमच्या आरशात त्यानं आयडाहोसाठी सात-आठ वेळा हसून बघितलं. प्रत्येक वेळी ओठ हसले आणि डोळे जागच्या जागी बसून राहिले.

परत आला तर स्वयंपाकघरात राजकारण ऐन रंगात होतं. विभा, त्याची थोरली बहीण आणि ओजस्वीची आई, काल संध्याकाळच्या शिनकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, तोक्योहून आली होती ती एक भूमिका घेऊनच. ती बटाटेवड्यांचं सारण करत होती आणि आईला तयार करत होती.

“ओसाकाची टीम देशात पहिली आहे, आई. घरी राहील. आणखी काय हवं?”

“तेच म्हणते मी,” जयमालाबाई म्हणाल्या. “अमेरिकेत कशाला जायचं? तिथे खायची मारामार.”

“माझं मत क्योतो,” सुलेखा लसूण सोलता सोलता म्हणाली. “डिग्रीला वजन आहे, आणि रविवारी कपडे धुवायला घरी येईल. पण मत त्याचं महत्त्वाचं, विभाताई. तो आणि त्याच्या टोप्या.”

“कबीर,” जयमालाबाईंनी नातवाला हाक मारली, “त्या आयडाहोत मिळतं तरी काय?”

“पोटॅटोज, आजी. पूर्ण अमेरिकेचे पोटॅटोज तिथून येतात.”

जयमालाबाईंचा हात थांबला. “बटाटे?”

“हो. फेमस आहेत.”

“म्हणजे उपासाची सोय झाली की! तसं बरं दिसतंय हो गाव.”

“आई!” विभानं झारा आपटला. “काल रात्री तू माझ्या बाजूला होतीस!”

“काल मला बटाट्यांचं कुठे माहीत होतं?”

सगळे हसले. हरीशही हसला, पण आपल्या बाजूचं एक मत बटाट्यापायी गेलं हे त्यानं मनात नोंदवलं. विभानं ते त्याच्या तोंडावर बरोबर वाचलं. लहानपणापासून तिला ती विद्या येत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसायची सवय म्हणून जीन्सला पुसले, आणि भाच्याला घेऊन बाल्कनीत गेली. काचेचं दार सरकवून बंद केलं.

काचेआडून हरीशला फक्त दिसत होतं. विभा बोलत होती. बोलता बोलता तिनं डोळे पुसले. कबीर कठड्याला हात टेकून खाली बघत होता. मग त्यानं मान हलवली, हळूच, दोनदा.

ताई काय सांगत असेल याचा हरीशला अंदाज होता. दार सरकवून “ताई, पुरे” म्हणायला चार पावलं टाकावी लागली असती. ती त्यानं टाकली नाहीत. ढवळून ढवळून चहा गार होईपर्यंत तो जागीच उभा राहिला.

अकरा वाजता उजेड नीट आला. ओजस्वीनं पडदे सरकवले, कॅमेरा तिवईवर चढवला, सगळ्यांना जागा दिल्या. मध्ये टेबल, टेबलामागे कबीर. त्याच्या उजवीकडे आजी खुर्चीत, मागे सुलेखा आणि विभा, डावीकडे हरीश.

“कबीर, तू टोपी उचललीस की बाकीच्या दोन हातानं खाली झटकून टाकायच्या. स्वाइप! अमेरिकेत तसंच करतात. फार भारी दिसतं.”

“झटकायच्या?” जयमालाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “कुंकू लावलेल्या टोप्या जमिनीवर? माझ्या देखत नाही हं.”

“आजी, स्टाइल आहे ती!”

“मग मला फ्रेममधून काढ.”

“मी नाही फेकणार,” कबीर म्हणाला. “त्या कोचेसनी मला बोलावलंय, ओजू ताई. इट्स रूड.” त्यानं करून दाखवलं. दोन्ही हातांनी एक एक टोपी उचलली, कपाळाला लावली, बाजूला सरळ ठेवली आणि मैदानातून बाहेर येताना मैदानाला वाकतात तसा वाकला. ओजस्वी म्हणाली, “ओके. हे जास्त भारी आहे.”

“चला, सायलेन्स. अॅक्शन!”

कबीर आधी जपानीत बोलला. शाळेचे, टीमचे आभार. मग इंग्रजीत चार वाक्यं. मग कॅमेऱ्याकडे न बघता, टोप्यांकडे बघत मराठीत, “आणि माझ्या घरच्यांना थँक यू. तुम्ही मला खूप खायला घातलं.” सुलेखानं तोंडावर हात दाबला. कबीरचा हात उचलला गेला, टोप्यांवरून फिरला आणि निळी टोपी घेऊन वर आला.

विभा किंचाळली. जयमालाबाईंनी बटाटे विसरून टाळ्या वाजवल्या. आणि हरीश! त्याला आरशातलं काही आठवायची गरजच पडली नाही. हसू आपोआप आलं, कानापर्यंत गेलं, त्यानं दोन्ही हात वर केले, सुलेखाला धरून गोल फिरवलं. घर वाचलं होतं. रोजच्या ताटांतलं एकही कमी होणार नव्हतं.

गलक्यात कबीरनं वळून त्याच्याकडे बघितलं. “बाबा, कोरे दे ए?” त्यानं ओसाकाच्या बोलीत विचारलं. हे चालेल ना?

“चालेल म्हणजे काय! मस्त!” हरीश ओरडला.

“कट! पहिल्याच टेकला ओके!” ओजस्वीनं लॅपटॉप उघडला. “या, बघा सगळे. वडे नंतर.”

सगळे लॅपटॉपभोवती जमले. हरीशला स्वतःचा चेहरा बघायची उत्सुकता होती, आणि चेहरा खरोखर झकास आला होता. मागे डावीकडे पन्नाशीचा एक माणूस लहान मुलासारखा उड्या मारत होता. त्याच्यापुढे त्याचा मुलगा बसलेला होता. निळी टोपी डोक्यावर चढवतानासुद्धा त्याचं लक्ष टोपीकडे नव्हतं, कॅमेऱ्याकडे नव्हतं. तो मान वळवून मागच्या माणसाकडे बघत होता. कोरे दे ए?

हरीशनं ते परत लावायला सांगितलं. परत तेच.

त्याला आता लाज वाटली. इतकी, की कान गरम झाले. जो मुलगा उचलल्यावर विचारतो, चालेल ना, त्यानं उचललेलं नसतं. त्याच्या हातून कोणीतरी उचलून घेतलेलं असतं, आणि कोणी ते त्याला पक्कं माहीत होतं.

“हे नको,” तो म्हणाला. “पुन्हा घ्यायचं.”

“मामा, अरे इतकं सुंदर आलंय!”

“कबीर, आत्या तुला बाल्कनीत काय म्हणाली?”

कबीरनं आत्याकडे बघितलं.

“मीच सांगते,” विभा म्हणाली. “खोटं काही बोलले नाही. त्या वर्षी मी समोरच्या बिल्डिंगमध्ये होते, मी बघितलंय. सहा महिने तू या पोराचे इवलेसे बूट दारात मांडून ठेवायचास. रोज पुसायचास. पोर आयडाहोला गेलं तर तू परत तसाच होशील, एवढंच म्हटलं.”

सुलेखानं वळून नवऱ्याकडे बघितलं. बुटांचं तिलाही आज कळत होतं.

“पुसायचो,” हरीश म्हणाला. “ताई, तू माझ्यासाठीच केलंस, मला कळतंय. मी काचेतून बघत होतो आणि थांबवलं नाही. म्हणजे तुझ्याइतकंच मीही केलं. पण कबीर, ते दुखणं माझं आहे. त्यावरचं औषध तू कशाला प्यायचं?”

“बट यू विल बी लोनली, बाबा.”

“होईन की. त्यात काय विशेष आहे? तुझी आई आहे ना भांडायला.”

“आहे,” सुलेखा म्हणाली. “तेवढी खात्री बाळग, कबीर.”

कबीर हसला, पण डोळे टेबलावर.

“हे बघ,” हरीश खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. “चार वर्षांचा होतास तेव्हा तुला कोणी विचारलं नाही. उचललं, विमानात घातलं. सहा महिन्यांनी उचललं, परत आणलं. आता पहिल्यांदा लोक तुला विचारतायत, बाबा रे, कुठे जायचंय? तर उत्तर तुझं दे. निळी उचललीस तर मी मघासारखाच नाचेन. जांभळी उचललीस तर आई नाचेल. पण एक सांगतो. उचलल्यावर माझ्याकडे बघायचं नाही.”

“आणि बटाट्यांकडेही बघू नकोस,” जयमालाबाई म्हणाल्या. “मी आपली सहज बोलले होते.”

विभा भाच्याजवळ आली. त्याच्या खांद्यापर्यंतच तिचा हात पोचायचा, तिथे तिनं तो ठेवला. “चुकलं रे माझं. घे, तुला हवी ती घे. मी किंचाळते, काळजी करू नकोस.”

ओजस्वीनं नाक ओढलं आणि पटकन कॅमेऱ्यामागे गेली. “लाइट सरकतोय. चला, जागेवर. टेक टू.”

या वेळी कबीरनं फार वेळ घेतला. जपानी बोलून झालं, इंग्रजी बोलून झालं. मग त्यानं निळी टोपी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली, बाजूला ठेवली. जांभळी उचलली, कपाळाला लावली, बाजूला ठेवली. वाकला. चांगला सावकाश, कंबरेतून वाकला.

टेबलावर गुलाबी ढगाची पांढरी टोपी तेवढी उरली. ती त्यानं उचलली आणि डोक्यावर चढवली. तिची बटणं शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेली होती. केव्हातरी, कोणी बघत नसताना, त्यानं ती घालून बघितली होती. तो समोर कॅमेऱ्याकडे बघून हसला. अगदी सगळे दात दाखवून हसला, आणि कोणाकडेही वळला नाही.

विभा किंचाळली, कबूल केल्याप्रमाणे. सुलेखा रडत टाळ्या वाजवत होती. “आयडाहो!” जयमालाबाईंनी हात वर करून गजर केला, उच्चारासकट बरोबर.

हरीशला मागे डावीकडे उभं राहून हसायचं होतं. ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. त्याला एवढंच दिसलं की मुलगा खूश आहे. पोटातून, मनापासून खूश आहे, आणि तो आनंद या घरातला नाही, मुलाचा स्वतःचा आहे. हरीशच्या छातीत दुखलं आणि त्याच वेळी ती फुगून आली. दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात हे त्याला पन्नाशीत कळत होतं. तो टेबलाला वळसा घालून पुढे गेला आणि एकशे बारा किलोंना मिठी मारायला जमेल तशी मारली.

“कट! मामा, कट!” ओजस्वी ओरडत होती. कोणीच ऐकत नव्हतं.

वडे तळून झाल्यावर तिनं तो टेक सगळ्यांना दाखवला. कबीर टोपी डोक्यावर चढवतोय, एवढं दिसायचं. त्यानंतर पडद्यावर जी येते ती हरीशची राखाडी स्वेटरमधली पाठ. ती शेवटपर्यंत हटत नाही. पाठीवर दोन मोठाले हात येतात, घट्ट आवळतात, आणि कोणाचे तरी हुंदके ऐकू येतात. ते कबीरचे नव्हते.

“अख्ख्या फ्रेममध्ये मामाची पाठ!” ओजस्वी कपाळाला हात लावून म्हणाली. “हीरो दिसतच नाही. एकदा, शेवटचं एकदा घेऊ या ना.”

“नको,” कबीर तोंडातल्या वड्यातून म्हणाला. “हाच टाक.”

“अरे, पण टोपी जेमतेम एक सेकंद दिसते! तू कुठल्या कॉलेजला चाललायस ते लोकांना कळणार कसं?”

“कळेल ग,” सुलेखा म्हणाली. नवऱ्याच्या ताटात तिनं आणखी एक वडा वाढला. “रोज घरी जेवायला येणाऱ्या पोराला कोणी असं धरतं का?”